चौथ्या रिंगआधी उचलायचा नाही!

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एका जागी बारा-तेरा वर्षं नुसतं बसून राहायचं, ते आपोआप साठतात. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखं असतं त्यांचं. टाकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात!

परवा माझी नात दहा दिवसांसाठी परदेशी निघाली. बॅग भरायला तिला दोन तास लागले आणि फोनचा प्लॅन ठरवायला दोन दिवस. "आजी, रोजचा एक जीबीवाला घेऊ, की दहा दिवसांचा अनलिमिटेड घेऊ, की तिकडे उतरून तिकडचंच सिम घेऊ?" मी मेथी निवडत होते. म्हटलं, "तीन रिंगांचा घे."

"तो कुठल्या कंपनीचा?"

आता हिला काय सांगायचं! कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा फोनचा बूथ होता. पिवळा बोर्ड, काळी अक्षरं. आत काचेचं कॅबिन, कॅबिनमध्ये मीटरचा फोन आणि त्यावर पळणारे लाल आकडे. बाहेर काउंटरवर आमचा घरचा काळा फोन, तो येणाऱ्या कॉलसाठी. अर्ध्या कोपरीच्या कार्डांवर माझाच नंबर छापलेला असायचा आणि पुढे 'पी.पी.'. म्हणजे फोन शेजारच्यांचा, पण हाक मारून देतील! लहानथोर सगळे मला वहिनीच म्हणायचे.

परदेशी जाणारा माणूस विमानात बसायच्या आठवडाभर आधी माझ्याकडे यायचा. पेढे घेऊन, घरच्यांना घेऊन. कुठल्या वारी, किती वाजता, कोणी कोणाला फोन करायचा, हे सगळं माझ्या काउंटरवर ठरायचं. प्लॅन तेव्हाही होतेच हो. फक्त ते कंपनी नाही, घरची माणसं करायची.

*

शेवटापासून सुरू करते, म्हणजे मोबाइलपासून. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माजिवड्याचा प्रधान, पंप विकणाऱ्या एका कंपनीत होता. कंपनीने त्याला मोबाइल दिला आणि सिंगापूरला पाठवलं. फोनला रोमिंग घेतलेलं. म्हणजे नंबर इथला, पण फोन तिथे वाजणार! फक्त एक मेख होती. आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे पडणार. प्रधानने निघण्याआधी गावभर दवंडी पिटली, "मला कोणी फोन करायचा नाही. बायकोनेसुद्धा नाही!"

लोकांनी ऐकलं. तीन दिवस कोणीही फोन केला नाही. मग त्यालाच चैन पडेना. फोन चालू आहे की बंद, हे कळणार कसं? चौथ्या दिवशी सकाळी माझा काळा फोन वाजला.

"वहिनी, प्रधान बोलतोय. सिंगापूरहून. रस्त्यावरच्या बूथमधून."

"अरे, खिशात मोबाइल असताना बूथ कशाला?"

"तेच तर! माझ्या मोबाइलवर एक फोन लावून बघा ना. लागतो का ते तरी कळू दे."

मी काळा रिसीव्हर डाव्या कानाला धरला, कॅबिनमध्ये हात घालून मीटरचा फोन ओढला, तो उजव्या कानाला लावला आणि त्याचा नंबर दाबला. दोन क्षण काहीच नाही. मग उजव्या कानात रिंग वाजायला लागली. आणि त्याच वेळी डाव्या कानात, कुठून तरी लांबून, मोबाइलची किणकिण ऐकू आली! मी कोपरीत बटण दाबलं, सिंगापुरात प्रधानचा खिसा वाजला आणि तो आवाज सगळा समुद्र ओलांडून परत माझ्याच दुसऱ्या कानात आला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तोवर दहा वर्षं मी रोज फोनच लावून देत होते, तरी आला!

"लागला वहिनी, लागला!" प्रधान आनंदाने ओरडला. "पण उचलत नाही हं! उचलला तर मेलो!"

*

आता दहा वर्षं मागे चला. बूथ उघडला तेव्हा पहिला परदेशचा कॉल केला देवधर मास्तरांनी. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेलेली. रविवारी सकाळी आठ वाजता मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले, चष्मा पुसला आणि कॅबिनमध्ये शिरले. दार लावायचं विसरले, म्हणून मला ऐकू आलं. नाहीतर मी ऐकते का कोणाचं!

मला वाटलं, आता कशी आहेस, जावई कसे आहेत, हे सगळं होणार. मास्तरांनी विचारलं, "बेबी, खिडकीबाहेर बघ. उजेड आहे की अंधार?"

"अंधार आहे बाबा. साडेनऊ वाजलेत. शनिवार आहे अजून."

मास्तरांनी मान वळवून दाराबाहेर बघितलं. रस्त्यावर लख्ख ऊन पडलेलं. समोरचा इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी मारत होता. "शनिवार," मास्तर पुटपुटले. "बरं, ठेवतो मग." आणि खरंच ठेवला! बाहेर येऊन बाकावर बसले तर डोळे भरलेले.

मी घाबरले. "काय झालं मास्तर? सगळं ठीक आहे ना?"

"वहिनी, तीस वर्षं पोरांना शिकवलं, इकडे दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र असते. ज्यांना सांगता आलं नाही त्यांना छड्या मारल्या. पण खरं सांगू? माझा स्वतःचा विश्वास आज बसला!"

जावयांची चौकशी पुढच्या रविवारी झाली. मधल्या आठवड्यात मास्तरांनी मोठा ड्रॉइंग पेपर आणून माझ्या भिंतीवर एक तक्ता लावला. कोपरीत सकाळचे दहा, तेव्हा दुबईत किती, कुवेतला किती, लंडनला किती, न्यूयॉर्कला किती. तेव्हापासून कोणाचाही प्लॅन ठरवायचा म्हटलं की वरून मास्तरांना बोलवावं लागायचं. फी एक कप चहा, साखर कमी.

*

माझे चुलत दीर डोंबिवलीचे. त्यांचा अविनाश जर्मनीला शिकायला गेला. प्लॅन ठरला, महिन्यातून एक फोन, तीन मिनिटांचा. घरात माणसं नऊ. मास्तरांनी लगेच सांगितलं, "माणशी वीस सेकंद. एकेक वाक्य पाठ करून या."

घरी आठवडाभर तालीम झाली. धाकट्या चुलत बहिणीने परीक्षेचं सांगायचं, काकूने थंडीचं विचारायचं, दिरांनी फीचं. दिवस उजाडला तसे नऊ जण डोंबिवलीहून आले आणि वयाप्रमाणे कॅबिनबाहेर रांगेत उभे राहिले. सगळ्यात लहान पुढे, आजी सगळ्यात मागे. दिरांच्या हातात घड्याळ.

पहिल्या पोरीने रिसीव्हर कानाला लावला. तिकडून अविनाशचा आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. पोरीचा चेहरा असा झाला, की पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. "कसा आहेस?" म्हणाली. "बरा आहे." पुढचा आला. त्यानेही आवाज ऐकला, तोही थिजला. "कसा आहेस?" "बरा आहे." एकामागून एक आठ जणांनी जर्मनीला हाच प्रश्न विचारला! फी राहिली, थंडी राहिली. एकट्या आजी भानावर होत्या.

"जेवलास का रे?"

"नाही अजून..."

तीन मिनिटं झाली. दीर शब्दाचे पक्के, त्यांनी हात घालून फोन बंद केला.

मग जो गहजब झाला! "नाही म्हणाला!" "पोर उपाशी आहे!" मास्तर तक्त्यासमोर उभे राहून जीव तोडून सांगत होते, "अहो, तिकडे आत्ता सकाळचे साडेसहा वाजलेत. जेवेल कसा?" कोण ऐकतंय! आजींनी महिनाभर रात्रीचा भात सोडला. पुढच्या महिन्यात नऊच्या नऊ जणांनी एकच प्रश्न विचारला, "जेवलास का?" आणि त्या पोराने नऊ वेळा न चिडता उत्तर दिलं, "हो, जेवलो!"

*

तीन रिंगांचा प्लॅन जनाबाईचा.

जनाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. माझ्याकडे मासे घेऊन यायची ती इतकी वर्षं, की पाटी कोणाची आणि घर कोणाचं हा फरक राहिला नव्हता. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा नारायण. इंजिनात त्याचा हात फार चांगला. त्याला कुवेतच्या बंदरात बोटींच्या इंजिनांवर काम मिळालं. तीन वर्षं काढायची आणि परत येऊन स्वतःची इंजिनवाली होडी घ्यायची, असं मायलेकांचं ठरलेलं.

जायच्या आधी दोघं माझ्याकडे आले. जनाबाईचं मागणं एकच. "माझा पोऱ्या बरा हाय, येवढंच मना दर आयतवारी कळलं पायजेल. बाकी काय नको."

मास्तरांनी चहा संपवला आणि प्लॅन सांगितला. दर रविवारी इथले सकाळचे दहा वाजले की नारायणने फोन लावायचा. तीन रिंगा झाल्या की ठेवून द्यायचा. तीन रिंगा म्हणजे बरा आहे. न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, इथेही नाही आणि तिथेही नाही. चौथी वाजली तरच उचलायचा, म्हणजे काहीतरी सांगायचं आहे. चौथ्या रिंगआधी कोणी हात लावायचा नाही!

नारायण कमी बोलणारा आणि भलताच शिस्तीचा. म्हणाला, तालीम पाहिजे. स्टेशनजवळच्या बूथवर गेला, तिथून तीन रिंगा देऊन परत आला. "आये, किती?" "तीन." "बरोबर. आता चार वाजवतो." पुन्हा गेला. चौथी वाजली तशी जनाबाईने आयुष्यात पहिल्यांदा फोन उचलला. आतून लेकाचा आवाज आला आणि तिने फोन लांब धरून त्याच्याकडे बघितलं.

"नाऱ्या, तू टेशनाव हायस ना रं? मंग ह्याच्यात कसा?"

पुढचा प्रश्न तिने मास्तरांना विचारला. "कुवेतवरून आवाज कनच्या वाटेनं येतो?"

मास्तर खुलले. "काही आवाज आभाळातून येतात, जनाबाई. आणि काही समुद्राच्या तळाशी वायर टाकलेली असते, तिच्यातून."

आभाळाचं तिने सोडूनच दिलं. "दर्यातून येतो? मंग चिंता नाय. दर्या आपल्या वळखीचा हाय."

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला तिने नेहमीच्या नारळामागोमाग आणखी एक नारळ पाण्यात सोडला. शेजारणीने विचारलं, हा कोणाचा? जनाबाई म्हणाली, "वायरीचा!"

मग दर रविवारी ती पावणेदहालाच येऊन बाकावर बसायची. तीन रिंगा बोटांवर मोजायची. फोन थांबला की तोंडभर हसायची, "बोलला माझा पोऱ्या!" आणि पाटीतला कोळंबीचा एक वाटा माझ्या ताटलीत टाकून निघून जायची.

*

कर्णिक बाईंची मुलगी लंडनला. तिने आईला पत्रात लिहिलं की बिरड्याची उसळ करायची आहे, फोन करशील तेव्हा एक विचारायचंय. झालं! कर्णिक बाई वाल, गूळ, खोबरं सगळं कागदावर लिहून आल्या आणि कॅबिनमध्ये उभं राहून मोठ्यांदा सांगायला लागल्या. लांबचा देश म्हणजे आवाज मोठा, ही त्यांची समजूत.

बाहेर रांगेतल्या बायकांना ऐकू जाणारच. एकीने दार ढकललं, "अहो, गूळ शेवटी हं!" दुसरी म्हणाली, "आमच्यात गूळ घालतच नाहीत." तिसरी खोबऱ्यावरून सुरू झाली. एका माणसाच्या कॅबिनमध्ये चार बायका! मीटरचे आकडे पळतायत, रिसीव्हर या हातातून त्या हातात जातोय आणि लंडनला कोणीतरी शांतपणे सगळं ऐकून घेतंय. शेवटी सगळ्यांचा श्वास एकदम संपला, तेव्हा पलीकडून बारीक आवाज आला.

"आई, वाल किती वेळ भिजवायचे, एवढंच विचारायचं होतं."

*

आमच्या ह्यांनी एकदा घोटाळा केला. मी आत कढईशी, हे काउंटरवर पेपर वाचत, जनाबाई बाकावर. दहा वाजले, काळा फोन वाजला. ह्यांचं आयुष्य ऑफिसात गेलेलं. फोन वाजला की उचलायचा, हे हाताला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या रिंगला उचलला! "हॅलो, कोण बोलतंय?"

पलीकडून नारायणचा रडवेला आवाज, "काका, उचललात कशाला? मी बरा आहे!" आणि खाड्कन बंद.

जनाबाई उठून उभी. "दोनच वाजल्या! दोन म्हंजी काय? अर्धा बरा?"

ह्यांनी परोपरीने सांगितलं, "अगं, तो स्वतः बोलला. मी या कानाने ऐकलं. बरा आहे म्हणाला."

"तोंड काय बी बोलतं, दादा. रिंगा तीन पायजेल!"

पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. आम्ही तिघंही हात मागे बांधून उभे राहिलो. एक, दोन, तीन. बंद. "आता बरा," जनाबाई म्हणाली आणि खाली बसली. ह्यांच्याशी ती महिनाभर बोलली नाही.

ती निघताना मी दारापर्यंत गेले. राहवलं नाही म्हणून विचारलं, "जनाबाई, लाइनवर होता ना तो. चौथी वाजव म्हणून कळवू का त्याला एकदा? दोन शब्द बोलावेसे वाटत नाहीत तुला?"

तिने पाटी डोक्यावर ठेवली, चुंबळ नीट केली. "वयनी, आवाज आयकला तर मी 'ये' बोलेन. मी 'ये' बोलले की तो येल. शिस्तीचा हाय. मंग होडी नाय व्हायची."

मी बडबडी बाई. बूथवर बसून अख्ख्या कोपरीला सल्ले द्यायचे. त्या दिवशी तिच्या डोक्यावरची पाटी नुसती सरळ करून दिली.

*

आता शेवटचा.

नव्वद सालचा ऑगस्ट नुकताच लागला होता. पेपरात आलं, कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं. मी कॅबिनमध्ये जाऊन नारायणच्या बंदरातल्या ऑफिसचा नंबर फिरवला. रिंग नाही, खरखर नाही, एंगेजसुद्धा नाही. कानाला नुसतं प्लॅस्टिक लावल्यासारखं वाटत होतं. रोज फिरवायचे, रोज तेच.

रविवारी जनाबाई पावणेदहाला आली. दहा वाजले, सव्वादहा झाले. फोन वाजला नाही. साडेदहाला ती उठली आणि गेली.

दुसऱ्याच दिवशी नारळी पौर्णिमा. दुपारी कोळीवाड्यातून वाजतगाजत सगळे खाडीवर गेले, सगळ्या घरांचे नारळ पाण्यात गेले. संध्याकाळी जनाबाई माझ्या दारात. हातात हळदकुंकू लावलेला नारळ. तो तिने काउंटरवर काळ्या फोनला टेकवून ठेवला.

"हा नाय सोडला. आदी वायर बोलू दे."

मी म्हटलं, "अगं, समुद्राशी असं भांडतात का?"

"भांडत नाय, वयनी. वाट बघतंय."

त्यानंतर रविवारी सकाळी नऊ ते अकरा माझ्या काळ्या फोनवर एकही फोन आला नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण आपल्या फोनमुळे लाइन अडकायला नको, हे अख्ख्या कोपरीने आपलं आपण ठरवलं. डोंबिवलीहून दिरांचाही नाही, माजिवड्याहून प्रधानचाही नाही. मास्तर वरून उतरून यायचे आणि तक्त्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे. दहा वाजायचे. काही नाही. साडेदहाला जनाबाई नारळ उचलून कानाशी हलवायची. "पानी हाय अजून," म्हणायची आणि परत फोनला टेकवून ठेवायची.

गणपती आले नि गेले. कुवेतहून सुटलेली माणसं विमानाने मुंबईला यायला लागली. वाळवंटातून, अंगावरच्या कपड्यांनिशी. आमचे हे दोनदा विमानतळावर जाऊन आले. बंदरावरचा कोणी भेटला नाही. सहाव्या रविवारी जनाबाई म्हणाली, "थोडं हाय पानी." सातव्या रविवारी तिने नारळ हलवला, पुन्हा हलवला आणि काहीच म्हणाली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आठवा रविवार. बाकावर जनाबाई, पायाशी पाटी. खुर्चीवर मास्तर. आमचे हे स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी काउंटरमागे. भिंतीवरचं घड्याळ दहावर आलं.

फोन वाजला.

एक. मास्तर ताडकन उभे राहिले.

दोन. मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना. कुठून? त्या सगळ्या जाळपोळीतून, कुठल्या गावातून, कोणाच्या फोनवरून, इथले बरोब्बर दहा मोजून?

तीन. माझा हात रिसीव्हरवर गेला. नियम गेला खड्ड्यात, आठ रविवार झाले होते! तोच जनाबाईने माझं मनगट धरलं. जन्मभर पाटी उचललेला हात तो, मला बोट हलवता येईना.

"नाय वयनी. चौथीला."

आम्ही चौघं श्वास धरून त्या काळ्या फोनकडे बघत राहिलो.

चौथी वाजली नाही.

"अगं, उचलायचा ना!" मी ओरडलेच. "कुठे आहे, कसा आहे, कधी येतोय, काहीतरी विचारलं असतं!"

"सांगितलंन की," जनाबाई म्हणाली. "बरा हाय."

तिने माझं मनगट सोडलं. फोनला टेकलेला नारळ दोन्ही हातांनी उचलला. या वेळी कानाशी नेला नाही. पाटी तिथेच बाकापाशी, मासे उघडे. ती पायरी उतरली, खाडीच्या बाजूला वळली आणि चालता चालताच मागे बघून ओरडली, "पाटीकडं बघ गो वयनी, मांजर येल! दर्या खोळंबलाय!"